पाण्याने खाल्लेले हात

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे यावे, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. हिच्यात राजा नाही, साधू नाही, चमत्कार तर मुळीच नाही. तान्ह्या बाळांना आंघोळ घालून पोट भरणाऱ्या एका बाईची ही गोष्ट. लहान आहे, पण मन लावून ऐकलीत तर घरी नेण्याजोगी आहे.

तर पाणीमावशीने चिमीला टबातून उचलून टॉवेलवर पालथे घातले आणि तिचा हात तिथल्या तिथे थबकला.

"बाई, चष्मा लावून या जरा," तिने आतल्या खोलीकडे हाक दिली.

बाई म्हणजे चिमीची आजी. छत्तीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झालेली, तरी सगळी गल्ली तिला मास्तरीणबाईच म्हणे. परीक्षेत कोणाच्या बाहीत चिठ्ठी दडली आहे हे तिला मुलाच्या नुसत्या बसण्यावरून कळायचे, आणि निवृत्त होताना तिने खडू-डस्टर परत केले होते, ती नजर नव्हती केली. ती आली, वाकली. चार महिन्यांच्या नातीची पाठ कालच्यापेक्षा लाल होती. काखेत पुरळ, मानेच्या वळ्यांत पुरळ, तळहातांवर पुरळ, आणि तळपायांना तर पाणी भरलेले बारीक फोड.

"काल जेवणानंतर काय खाल्लंस?" तिने विचारले. डोळे नातीवर होते, पण प्रश्न दारात कोरडे कपडे घेऊन उभ्या असलेल्या सुनेला होता.

"काही नाही, आई. पाणी प्यायले."

"नुसतं पाणी?"

"नुसतं पाणी."

मास्तरीणबाईने पाणीमावशीकडे पाहिले, पाणीमावशीने मास्तरीणबाईकडे. त्या बघण्याचा अर्थ सुनेला पाठ झाला होता, कारण गेला दीड महिना त्या घरात हेच चालले होते.

पाणीमावशीला हे नाव का पडले ते सांगायला नको. कोणत्याही घराचा उंबरा ओलांडला की तिचा पहिला प्रश्न, "पाणी तापलं का?" वय साठीला टेकलेले, अंगाने काटक, एका खोलीत एकटी राहणारी. एकतीस वर्षे तिने हेच केले. सकाळपासून दुपारपर्यंत चार-पाच घरे, बाळ आठ-दहा दिवसांचे झाले की हिच्या हातात आणि बसायला लागले की आईच्या हातात. बाळ उचलले की वजन सांगायची, आणि काट्यावर ठेवले तर फरक एखाद्या चमच्याएवढा निघायचा. नव्या आया तिच्या हातांकडे टक लावून बघत बसत.

हात मात्र दिसायला चांगले नव्हते. बोटांच्या बेचक्यांत लाल, सोललेले, मनगटांवर ओरखडे. कोणी विचारलेच तर ती बोटे पसरून दाखवायची आणि म्हणायची, "पाण्याने खाल्लेत. एकतीस वर्षं खातंय, आता उरलंय काय!" म्हातारा पैलवान आपला मोडलेला कान ज्या तोऱ्यात दाखवतो, तोच तोरा. आंघोळ घालणाऱ्या सगळ्याच बायकांचे हात असे होतात. सुताराच्या हाताला घट्टा असतो, लोहाराच्या हाताला चटका, तसे हे. अलीकडे चार-सहा महिने खाज जरा जास्त होती, अंथरुणाला पाठ टेकली की बेचक्यांत आग व्हायची. वय झाले, पाणी आता जास्त खाते, असे म्हणून ती व्हॅसलीन चोळून झोपायची आणि उजाडल्यावर पुन्हा पाण्यात हात घालायची.

तिने बाळांच्या अंगावरचे काय काय पाहिले नव्हते? घामोळे, टाळूवरचा खपला, लंगोटाचे चट्टे. बघताक्षणी ओळखायची आणि बहुतेक वेळा चार दिवसांत घालवायची. चिमीच्या पुरळाने मात्र तिला दाद दिली नाही. आणि गल्लीला तोंड असते. पाणीमावशीच्या हाताखालचे पोर अंगभर फुटलेय, असे गल्लीतल्याच घड्याळजीच्या बायकोने दुकानात कोणाला तरी म्हटल्याचे तिच्या कानावर आले. ते तिला फार लागले. ज्याचे नाव एवढ्या एका गोष्टीवर उभे असते, त्याला अशा वेळी दोषी सापडावा लागतो, आणि लवकर सापडावा लागतो.

म्हणून ती शोधाला लागली. आधी कपडे धुण्याची पावडर. चिमीची झबली नाकाशी धरून तिने वास घेतला आणि फर्मान काढले की ही पावडर बंद. पावडर बदलली, पुरळ तसेच. मग सुनेच्या आईने स्वतः विणून पाठवलेली लोकरीची शाल. ती पिशवीत बांधून माळ्यावर गेली, सुनेची आई फोनवर मुसमुसली, पुरळ तसेच. मग शेजारची मांजर. तिला तर बिचारीला कोणी काही विचारलेही नाही, सरळ खिडकीला जाळी बसली. गल्लीतल्या डॉक्टरांनी पाठ पाहिली, कोरडी कातडी आहे, जाईल, म्हणाले. औषधाच्या दुकानदाराने एक मलम दिले. त्याने तीन दिवस पुरळ फिके पडले, घरात सगळे हसले-बोलले, आणि चौथ्या दिवशी ते दुपटीने परत आले.

त्या चौथ्या दिवशी पाणीमावशी चिमीचे अंग पुसता पुसता म्हणाली, "बाई, मी बोलू नये, पण एकदा दूध बघा."

कोणाचे दूध, हे विचारायची गरज नव्हती. चिमी आईच्याच दुधावर होती.

बोलणारा एक वाक्य बोलतो आणि पुढच्या घरी जातो. मागे राहिलेल्याला त्या वाक्याबरोबर राहावे लागते. मास्तरीणबाईने त्याच दुपारी एक वही आखली. तारीख, सुनेने काय खाल्ले, किती वाजता, पुरळ कुठे वाढले. अंडे बंद झाले, मासे बंद झाले, मग टोमॅटो, मग दाणे, मग गाईचे दूध. सून पोस्टाच्या काउंटरवर काम करायची, बाळंतपणाच्या रजेवर होती. लग्नात उखाण्याऐवजी पिनकोड सांगते की काय, असे नवऱ्याचे मित्र चिडवायचे आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची, इतकी हसरी. महिन्याभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. आणि एवढे करूनही पुरळ वाढतेच आहे म्हटल्यावर मास्तरीणबाईला एकच कारण दिसले: पोरगी लपून खाते. तिने सुनेच्या कपाटात बिस्किटांचा कागद शोधला. सापडलाही. तो तिच्या मुलाच्या खिशातून पडलेला होता, पण मुलगा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, आठवड्यातले पाच दिवस बाहेर; साक्ष द्यायला घरात नव्हता.

शेवटी स्वयंपाकघराच्या फळीवर दुधाच्या पावडरीचा डबा आला. डबा फक्त तिथे ठेवला गेला, येता-जाता दिसेल असा. मग एका संध्याकाळी मास्तरीणबाईने निकाल लावला. शुक्रवारी सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचे. त्यांनीही हात टेकले तर शनिवारपासून चिमी आजीच्या खोलीत झोपेल आणि बाटलीने दूध पिईल. मुलगा सुटीवर घरी होता. तो म्हणाला, आई म्हणते तर बघू की थोडे दिवस. सुनेने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी टबातले पाणी ओतताना तिने पाणीमावशीला एकटे गाठले.

"मावशी, तुम्ही एवढी बाळं बघितलीत. आईचं दूध असं बाधतं?"

"बाधतं कधीकधी," पाणीमावशी म्हणाली, आणि टब घासायला लागली. तो घासलेलाच होता.

कारण तिच्या मनात काहीतरी रुतले होते. घड्याळजीकडची जुळीही, जी रोज तिच्याच हातची आंघोळ करायची, गेल्या आठवड्यापासून अंग घासायला लागली होती. तिथे तिने नव्या दुलईवर बोट ठेवले होते आणि दुलई उन्हात गेली होती. इथे दूध, तिथे दुलई. दोन घरांतल्या या दोन गोष्टी तिने आपल्या डोक्यात एकमेकींना भेटू दिल्या नव्हत्या. माणूस दुसऱ्याच्या घराचे दार किती उघडे आहे ते बघतो, बाबांनो. आपल्याच पाठीमागचे दार बघायला मान वळवावी लागते.

शुक्रवारी मास्तरीणबाईने तिलाही बरोबर घेतले. "तुम्ही चला. ही डॉक्टरांपुढे काय खरं, काय खोटं सांगेल, मला भरवसा नाही. तुम्ही रोज बघता." पाणीमावशी धुतलेली साडी नेसली, खांद्यावरून शाल घेतली. साक्षीदार म्हणून बोलावणे आले याचे तिला बरेच वाटले.

दवाखान्याच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये बाकावर दीड तास गेला. मग नंबर आला. टेबलापलीकडे बसलेली डॉक्टरीण सुनेच्याच वयाची होती. मास्तरीणबाईच्या कपाळाला तिथेच आठी पडली. तिने वही पुढे सरकवली. डॉक्टरणीने दोन पाने उलटली.

"तक्ता सुरेख आखलाय तुम्ही, आजी," ती म्हणाली आणि वही बाजूला ठेवली. "आता बाळ दाखवा."

तिने चिमीचे सगळे कपडे उतरवायला सांगितले. आजवर ज्याने त्याने पाठ पाहिली होती. हिने आधी तळपाय पाहिले. भिंग घेऊन, दिव्याखाली. मग बोटांच्या मधल्या जागा, मग काखा, मग कानामागे. अंथरुणात गेल्यावर जास्त रडते का, विचारले. सून हो म्हणाली. पुन्हा तळपायाकडे येऊन तिने टाचेच्या कडेला काहीतरी शोधले. पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक करडी रेघ होती, वाकडीतिकडी, लांबीला नखाच्या अर्ध्या रुंदीएवढी. तिने त्यावर तेलाचा थेंब सोडला, पात्याने अगदी वरवर खरवडले आणि ते काचेच्या पट्टीवर घेऊन कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. चिमी रडत होती. 

"या आजी. तुम्ही बघा आधी."

मास्तरीणबाई वाकली आणि झटक्यात मागे झाली. तिथे काहीतरी जिवंत होते. कासवासारखे फुगीर, आखूड पायांचे, सावकाश चालणारे.

"खरूज आहे," डॉक्टरीण म्हणाली.

"आमच्याकडे?" मास्तरीणबाईचा आवाज खाली गेला. "अहो, आमच्या घरात दोनदा फरशी पुसतात."

"तिचं फरशीशी काही देणंघेणं नाही. माणसाचं अंग माणसाच्या अंगाला बराच वेळ लागलं की ती इकडून तिकडे जाते. झोपडीत जाते, बंगल्यातही जाते. घरात आणखी कोणाला खाजतंय?"

आता बघा, प्रश्न किती साधा. पण त्या खोलीत प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिले. मास्तरीणबाईने मला नाही म्हणून सांगितले आणि ते खरे होते. नातीला ती मांडीवर क्वचितच घ्यायची, तिचे प्रेम वहीत होते. सून चिमीला झबले घालत होती. झबले घालून झाले तरी तिने मान वर केली नाही.

"मला," ती म्हणाली. "पोटावर. आणि छातीवर. पंधरा दिवस झाले."

"आणि बोलली नाहीस," मास्तरीणबाई म्हणाली.

"बोलले असते तर तुम्ही तक्त्यात लिहिलं असतं."

मास्तरीणबाईला जे हवे होते ते मिळाले होते. दूध नाही तर नाही, पण आले ते आईच्याच अंगातून. तिने तसे बोलूनही दाखवले. डॉक्टरणीने हात वर केला. असे नसते म्हणाली. ही आधी कोणाला झाली ते बघावे लागते. पहिल्यांदा लागली की महिना-दीड महिना खाजतसुद्धा नाही. बाळाला दीड महिन्यापूर्वी पुरळ उठले, म्हणजे अगदी कोवळे असताना त्याला कोणीतरी दिली, आणि ज्याने दिली त्याला त्याच्याही आधीपासून असणार. आईला पंधरा दिवसांपूर्वी सुरू झाले असेल तर बहुधा तिला बाळाकडूनच आली.

"ती सांगते पंधरा दिवस," मास्तरीणबाई म्हणाली.

"बाळाला आणखी कोण हाताळतं?"

सगळ्यांच्या माना पाणीमावशीकडे वळल्या. तिचे हात शालीत होते. ते कधी शालीत गेले हे तिलाही ठाऊक नव्हते.

"मावशी, तुम्हाला कुठे खाजतं?"

"नाही," पाणीमावशी म्हणाली. "पाण्याने हात खाल्लेत, तेवढंच."

डॉक्टरीण तिच्याकडे बघत होती. कदाचित पुढे बोलली असती, पण तेवढ्यात नर्स एका भाजलेल्या माणसाला घेऊन आत आली आणि खोलीतले सगळे लक्ष तिकडे गेले. डॉक्टरणीने घाईघाईत औषध लिहिले. मलम मानेपासून पायांच्या बोटांपर्यंत, बाळाला डोक्यालाही, डोळे आणि तोंड सोडून. घरातल्या प्रत्येकाने, मावशींनीसुद्धा, एकाच दिवशी लावायचे. आठ-दहा तासांनी धुवायचे. कपडे-चादरी कढत पाण्यात. आठवड्याने पुन्हा एकदा. अंगावरचे दूध तोडायचे काहीच कारण नाही, हे तिने दोनदा सांगितले.

कॉरिडॉरमध्ये आल्यावर मास्तरीणबाई थांबली. डॉक्टरीण पोरसवदा आहे, म्हणाली. औषध लावू, पण पुरती बरी होईपर्यंत चिमी माझ्या खोलीत. पंधरा दिवस बाटलीवर राहिली म्हणून काही बिघडत नाही. जिने पंधरा दिवस अंगावरचे लपवले, तिच्या कुशीत मी पोर देणार नाही.

 सुनेने चिमीला छातीशी घेतले आणि ती बाकावर बसली, एवढेच. पण ती अशी बसली की तिच्याकडून कोणाला काही काढून घ्यायचे असते तर आधी बाक मोडावा लागला असता.

"मावशी, तुम्ही समजवा हिला," मास्तरीणबाई म्हणाली. "तुमचं ऐकेल."

देव माणसाला फार वेळा बोलावत नाही हो. आणि बोलावतो तेव्हा देवळात, घंटा वाजवून बोलावतो असेही नाही. फिनेलचा वास येणाऱ्या कॉरिडॉरमध्ये, एका हट्टी म्हातारीच्या तोंडूनही बोलावतो.

पाणीमावशीने शालीच्या आत डाव्या मनगटाला अंगठा लावला. तिथे एक रेघ होती. बारीक, वाकडीतिकडी. किती महिने ती रोज ती बघत होती. पिन लागली असेल, टबाचा काठ लागला असेल. चिमीच्या टाचेवर भिंगाखाली तीच रेघ होती. आणि मग इतके दिवस वेगळ्या ठेवलेल्या गोष्टी तिच्या डोक्यात एकदम भेटल्या. चिमी. जुळी. आणि गेल्या आठ महिन्यांपासून दर रविवारी ती ज्या वृद्धाश्रमात जायची तिथली तिची थोरली बहीण, जिला आता माणसे ओळखता येत नव्हती, जिच्या हातांवर झाडाच्या सालीसारखे खपले धरले होते आणि जिचे हात ती तासतास आपल्या हातांत घेऊन बसायची, कारण हात धरला की तेवढी ती हसायची. म्हातारपणाचे खपले, असे आश्रमातले म्हणत. तिनेही तेच मानले होते.

तिला आत्ता गप्प बसता आले असते. औषध चिठ्ठीवर तिच्याही नावाने होते. चार दिवस ताप आला म्हणून सांगायचे, मलम लावायचे, जुळ्यांच्या आईला काहीतरी कारण काढून तेच मलम द्यायचे. पंधरा दिवसांत हात स्वच्छ. कोणाला कधी कळले नसते. एकतीस वर्षांचे नाव तसेच राहिले असते. आणि चिमी शनिवारपासून आजीच्या खोलीत गेली असती.

"तुम्ही बसा, बाई," ती म्हणाली. "माझं आत एक राहिलंय."

दाराशी शिपायाने अडवले. नंबर कुठाय, विचारले.

"माझा नंबर मघाशी होता," पाणीमावशी म्हणाली. "मीच घालवला."

तिच्या तोंडाकडे बघून त्याने वाट दिली. भाजलेल्या माणसाला मलमपट्टी झाली होती. पाणीमावशीने शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि दोन्ही हात, पालथे, मग उताणे, टेबलावर ठेवले. बोटे पसरली.

डॉक्टरणीला भिंगाची फारशी गरज पडली नाही. तरी तिने नीट पाहिले, खरवडले, काचेवर घेतले, पाहिले.

"हे कधीपासून, मावशी?"

"चिमी व्हायच्या आधीपासून. दोन महिने तरी आधी."

मग तिने बहिणीचे सांगितले. डॉक्टरणीने आश्रमाचे नाव लिहून घेतले, आजच फोन करते म्हणाली. तशा खपल्यांमध्ये ते किडे हजारोंनी असतात, तिथल्या सगळ्यांनाच औषध लागेल. "तुमची चूक नाही ही, मावशी. तुम्हाला कसं कळणार?"

"कळलं नाही, ते सोडा. मघाशी तुम्ही विचारलंत आणि मी नाही म्हटलं, ते?"

डॉक्टरणीने पेन खाली ठेवले.

"बाहेर येऊन तुम्ही सांगा त्यांना," पाणीमावशी म्हणाली. "माझ्या तोंडचं बाईंना खरं वाटेल, न वाटेल. आणि मला हे दोनदा बोलता येणार नाही."

डॉक्टरीण रांग सोडून बाहेर आली. चार वाक्यांत तिने सांगितले. कोणाकडून कोणाला गेली आणि कधी. मास्तरीणबाई ऐकत राहिली आणि तिची ती नजर सुनेवरून उठून हळूहळू पाणीमावशीच्या हातांवर आली. तिने पदर सावरला, एक पाऊल मागे सरली. आणखी कोणाकोणाच्या घरी जाता, विचारले. आम्ही डोळे मिटून पोर तुमच्या हातात दिले, असेही म्हणाली. दोन्ही बोलणी रास्तच होती.

सुनेने तिथेच, कॉरिडॉरमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर पदराआड चिमीला पाजायला घेतले. पोर आधी हुंदकत होते, मग शांत झाले.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, दूध बघा," सून म्हणाली.

"हो. मीच म्हणाले होते."

"बघितलंत?"

"बघितलं, पोरी," पाणीमावशी म्हणाली.

मास्तरीणबाईने वही पिशवीत टाकली. बाटलीचा विषय तिने काढला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

डॉक्टरणीने औषधाचे नाव आणि कसे लावायचे ते आणखी चार कागदांवर लिहून दिले होते. ते घेऊन पाणीमावशी दुपारभर चालली. घड्याळजीकडे बायकोने दार अर्धेच उघडले. दुलई निर्दोष आहे, पाणीमावशी म्हणाली, आणि मग उरलेले सांगितले. घड्याळजीची बायको कागद घेऊन म्हणाली, तुम्ही उद्यापासून येऊ नका. तेच सांगायला आले होते, पाणीमावशी म्हणाली. दार लागले तेव्हा आत जुळ्यांपैकी एक रडत होते. ते कोणते, हे तिला आवाजावरून कळले.

पुढच्या दोन घरी बाळांच्या अंगावर अजून काही नव्हते. तिथे तिने जास्तच सविस्तर सांगितले, कारण दिसत नाही तोवर माणूस औषध लावत नाही. एके ठिकाणी तिला बाहेरच्या बाहेर पाणी मिळाले, एके ठिकाणी तेही नाही.

शेवटचे घर बेकरीवाल्याचे. तिथे खरे तर सांगायचे काहीच नव्हते. त्यांचे बाळ अकरा दिवसांचे, आंघोळ उद्यापासून सुरू व्हायची होती; तिने त्याला अजून हातही लावला नव्हता. जमणार नाही, एवढे म्हणून परतता आले असते. पण दिवसभर खरे बोलून जीभ त्याच वळणाला लागली होती. तिने उंबऱ्याबाहेर उभे राहून तेही सांगितले.

बेकरीवाल्याची बायको पोरसवदा होती. तिला आई नव्हती, सासू नव्हती, नवरा भट्टीपाशी. तिने सगळे ऐकले आणि खरूज, किडा, वृद्धाश्रम यांतले तिच्या कानात काहीच राहिले नाही.

"मग ह्याला आंघोळ कोण घालणार?" ती म्हणाली. "मला येत नाही. अकरा दिवस नुसतं पुसून काढतेय. हातातून निसटेल म्हणून भीती वाटते."

"निसटत नाही."

"तुम्ही जवळ उभ्या राहाल?"

"जवळ नाही," पाणीमावशी म्हणाली. "इथून सांगते. टब दारासमोर आण."

संध्याकाळचे ऊन दारातून आत टबापर्यंत पोचले होते. पोरीने पाण्यात कोपर घालून पाहिले. बाळाला उघडे केले. ते लगेच ओरडायला लागले.

"मान डाव्या हातावर. नुसती बोटं नकोत, सगळा तळवा. अंगठा खांद्यावरून पुढे घे. हां. आता उजवा हात बुडाखाली. घाबरू नकोस, त्याला तुझी भीती कळते. पाय आधी पाण्यात. सावकाश. पाण्यात गेला की तो गप्प होतो, बघ."

आणि बोलता बोलता, उंबऱ्याबाहेर, दोन हात अंतरावर, पाणीमावशीचे हातही वर आले. डावा तळवा मानेखाली धरावा तसा वाकला. उजवा खाली सरकला. हवेतल्या हवेत तिने बाळ पाण्यात उतरवले, छातीवर पाणी ओंजळीने सोडले, काखेतली वळी अंगठ्याने उघडली, मानेखालून पुसत नेले. आत बसलेली पोर एकदा बाळाकडे, एकदा त्या हातांकडे बघत होती आणि जसे दिसेल तसे करत होती. बाळ गप्प झाले. पाण्यात त्याने मुठी उघडल्या.

पाणीमावशीचे हात पंधरा-वीस दिवसांत बरे झाले. इतके बरे की तिला स्वतःचे वाटेनात. घरांनी मात्र तिला पुन्हा बोलावले नाही, एका बेकरीवाल्याचे सोडून, आणि तिथेही तोवर पोर आपले आपण सगळे शिकली होती. मावशी नुसती खुर्चीत बसून बघायची. ती आता नाही. तिचे खरे नाव मला कोणी सांगू शकले नाही, मी पुष्कळ विचारले.

तर माझे एवढेच मागणे आहे. आज घरी गेल्यावर देवापुढे हात जोडाल, तेव्हा तुमच्या माणसांची नावे घेऊन झाली की एक घटकाभर थांबा, आणि जिचे नाव ठाऊक नाही अशा त्या बाईलाही त्यांच्यात आठवा.